आमसुलांची राखण

“मग करायचं तरी काय याचं, आपा? मारू का?”

बतूल आपांनी वर पाहिलं नाही. कोकमाची सालं आगळातून, म्हणजे त्यांच्याच खारवलेल्या रसातून, उचलत होत्या, अंगणातल्या चटईवर एकेक पसरत होत्या. हात कोपरापर्यंत लाल.

“मारून बघितलंस?”

“बघितलं.”

“मग?”

“मग काय... मी रडत बसले. तो जेवून झोपला.”

आपांनी पुढचं साल उचललं.

निलोफर पायरीवर बसली होती, म्हणजे अर्धी बसली होती. मांडीवर हूद, दीड वर्षाचा, आईच्या ओढणीचं टोक चावत होता. चार वर्षांची सुमय्या अंगणातल्या कोंबडीच्या मागे. आणि ज्याच्यासाठी एवढ्या उन्हातून मोहल्ल्याच्या या टोकाला यावं लागलं तो मुसब, वय सहा, जांभळीच्या बुंध्याला पाठ लावून उभा. तोंड बंद. घरात तर ते गेले कित्येक महिने बंदच होतं, धडा म्हटला की.

बतूल आपा म्हणजे या खाडीकाठच्या मोहल्ल्याची उस्तानी. पोरांना कुराण वाचायला शिकवणारी बाई. निलोफरच्या सासूला त्यांनी शिकवलं, नवऱ्याला शिकवलं, आणि मोहल्ल्यात अशी एक ओटी नव्हती जिथं आपांची छडी आठवून कुणी हसत नसे. आता डोळ्यांना कमी दिसतं म्हणून शिकवणं सोडलं होतं. कोकमं मात्र सोडली नव्हती.

निलोफर त्यांच्याकडे आली होती ती नाइलाजाने. स्वतः शिकलेली. लग्नाआधी शहरातल्या शाळेत शिकवायची. तिथे एकेका वर्गात कोंबलेली पोरं बघितली, टाचणीला टाचणी लागावी तशी, आणि मनाशी ठरवून टाकलं की माझी पोरं मी घरी शिकवीन. अक्षरं, आकडे, दीनधर्म, सगळं. माझ्यापेक्षा चांगलं कोण शिकवणार माझ्या पोरांना? हे ती सासूलाही म्हणाली, नणंदेलाही म्हणाली, आणि जमातीतल्या ज्या बाईने विचारलं नव्हतं तिलाही म्हणाली.

आता त्याच बाया रस्त्यात भेटल्या की गोड आवाजात विचारायच्या, काय गं, कुठवर आली शाळा?

शाळा कुठवर आली होती ते निलोफरने आपांना सांगितलं, सगळं एका दमात. भिंतीवर वेळापत्रक लावलं, रंगीत, ते सुमय्याने फाडून बाहुलीची गोधडी केली. अक्षरांची कार्डं केली, ती हूदने चोखली. राजमा एका वाटीतून दुसऱ्या वाटीत ओतायचा, त्याने म्हणे हाताला वळण लागतं, तर एक दाणा हूदच्या नाकात गेला आणि डॉक्टरकडे पळावं लागलं. डॉक्टर म्हणाला, बाई, घरात पोरांना सांभाळायला कुणी नाही का? ते सांगताना तिचा आवाज फाटला.

“मी घरातच होते, आपा. मीच तर शिकवत होते.”

आपांचा हात चटईवर फिरला. एक साल उलटं पडलं होतं, ते सुलटं केलं.

पण हे सगळं परवडलं असतं, निलोफर सांगत गेली. खरं दुखणं मुसब. त्याच्यासाठी तिने नवी रेहल आणली, कुराण ठेवायची लाकडी घडी, कोरीव कामाची. रोज सकाळी आंघोळ घालून, टोपी घालून त्याच्यासमोर बसायची. म्हण बाळा, अल्हम्द म्हण. नमाजात म्हणायचा कुराणातला पहिला सूरा, दूधपीतं पोरही ऐकून ऐकून शिकतं. हा मात्र तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचा. रेहल दिसली की पोटात दुखायचं. गोड बोलून झालं, खजूर दाखवून झाला, छडी दाखवून झाली. काल सासूच्या माहेरची माणसं आली होती. सासूने मुद्दाम त्याला मधे उभं केलं. म्हण रे, तुझ्या अम्मीने शिकवलेलं म्हण. तो छताकडे बघत राहिला. पाहुण्यांतली एक म्हातारी म्हणाली, मुका आहे का गं?

“आणि परवा याचा बाप येतोय,” निलोफर म्हणाली, आणि पहिल्यांदाच हळू म्हणाली.

इद्रिस मस्कतला होता. जाताना त्याने बायकोचा शब्द ठेवला होता. घरी शिकवायचंय तर शिकव, एक वर्ष घे. मी परत येईन तेव्हा मुसबने चार माणसांत अल्हम्द म्हणून दाखवली तर कुणाचं काही चालू देणार नाही. नाही म्हटली, तर त्याला चिपळूणला बहिणीकडे ठेवायचं, तिथल्या शाळेत घालायचं. बहीण म्हणजे निलोफरची नणंद. तिने तर खोलीसुद्धा झाडून ठेवली होती. मुसबसाठी चादर कुठली घालायची तेही फोनवर विचारून झालं होतं.

सहा वर्षांचं पोर, आईवेगळं. नुसत्या एका सूऱ्यापायी.

“दगड आहे तो,” निलोफर म्हणाली. “पालथ्या घड्यावर वर्षभर पाणी ओतलं मी. एक थेंब आत गेला नाही. तुम्ही सांगा आपा, काही पढून फुंकायचं असलं तर फुंका, पाणी दम करून द्यायचं तर द्या. माझ्याच्याने आता होत नाही.”

आपांनी हात आगळात बुडवला आणि तसाच ठेवला.

“तू नमाज पढतेस तेव्हा ही कुठं असतात?”

निलोफर हसली. हसणं कसलं, नाकातून हवा सोडली.

“नमाजाचं नाव नका काढू, आपा. दिवसभर एकवेळ बरी असतील. मी जानमाज अंथरली, हात बांधले, की तिघांच्या अंगात येतं. यांना पक्कं ठाऊक, अम्मी आता बोलू शकत नाही, हलू शकत नाही. तोवर काय ते उरकून घ्या. एक पिठाच्या डब्यात, एक नळाखाली. मोठा धाकट्यांना शिकवतो. परवा सज्दातून डोकं वर काढलं तर समोर हूद नागडा बसलेला, जानमाजीवरच... जाऊ दे.”

“मग काय करतेस?”

“काय करणार? मोठ्याने पढते.”

“मोठ्याने?”

“हो. बोलता तर येत नाही. मग जे पढत असते तेच मोठ्याने पढायचं, त्यांच्याकडे डोळे वटारून. ‘अल्लाहु अकबर’ अशी जोरात म्हणते की भिंतीवरची पाल पळते. म्हणजे कळतं त्यांना, नमाज संपवून सलाम फेरला की पाठीत बसणार आहे. तेवढाच एक धाक उरलाय घरात.”

आपांनी हात बाहेर काढला. बोटांवरून लाल रस ठिबकत होता, त्याकडे त्या बघत राहिल्या...

मग त्यांनी जांभळीकडे तोंड केलं.

“अरे ए, मुसब. इकडे ये. ती बकरी बघितलीस, कुंपणाबाहेरची? मिठाला सोकावलेली आहे. मी आत जाऊन येते. ती आली आणि आमसुलांना तोंड लावलं तर हाकलायची. जमेल?”

मुसबने मान हलवली.

“कसा हाकलणार? काठी नाही माझ्याकडे.”

पोराने खांदे उडवले, म्हणजे ते माझ्यावर सोडा.

हूदला सुमय्यापाशी बसवून आपांनी निलोफरला आत बोलावलं. माजघरात काळोख, गारवा. आपांनी तिला पाटावर बसवलं, पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि स्वतः खिडकीच्या कडेला भिंतीला टेकल्या. निलोफरला वाटलं, आता काही सांगतील. आता ती गोष्ट येईल ज्यासाठी माणसं आपांकडे येतात.

आपांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

निलोफरच्या डोक्यात चिपळूणची ती चादर. तिने तांब्या उचलला. म्हातारीला ऐकू तरी येतं ना नीट, की मी मघापासून भिंतीशी बोलतेय, असंही एकदा मनात येऊन गेलं. ती तोंड उघडणार, तेवढ्यात आपांनी लाल बोट ओठांवर ठेवलं.

बाहेर बकरी आली होती.

मुसब चटईच्या कडेला उभा राहिला होता. पाय फाकलेले, एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताचं बोट बकरीच्या नाकासमोर नाचतंय. भुवया कपाळात. आणि तोंडातून कडकडून, ठणठणीत, एकही अक्षर न गिळता, अल्हम्द.

पहिल्या शब्दापासून शेवटच्या आमीनपर्यंत. जिथं थांबायचं तिथं थांबून, जिथं ओढायचं तिथं ओढून, आणि मधेच मान वळवून, डोळे वटारून, सुमय्याकडेही एक नजर टाकून, की तू पण ऐक.

बकरीने एक आमसूल उचललं आणि चावायला लागली.

मुसबने छाती भरून घेतली.

“अल्लाहु अकबर!”

खिडकीच्या गजावरची चिमणी उडाली. बकरी चावत राहिली.

निलोफरच्या हातातला तांब्या कलंडला. आधी तिला आनंदच झाला. पोराला येतं. सगळं येतं, माझ्यापेक्षा ठणठणीत येतं. ती उठलीसुद्धा, धावत जाऊन त्याला उचलणार होती. मग तिने ते बोट परत पाहिलं. कमरेवरचा हात पाहिला. ती भुवई पाहिली, उजवी जरा जास्त वर... आणि ती परत पाटावर बसली.

आईच्या पोटी आरसा निपजावा तसं झालं होतं.

“तौबा,” ती म्हणाली. एवढंच.

आपा खिडकीतून मुसबशी बोलल्या, जसं शेजारणीशी बोलावं तसं.

“काय रे, बकरी ऐकत नाही वाटतं?”

“नाही ऐकत,” मुसब म्हणाला. “रागाने म्हटलं तरी ऐकत नाही.”

“तुला तर छान येतं की. मग अम्मी म्हण म्हणते तेव्हा का म्हणत नाहीस?”

मुसबने आपांकडे असं पाहिलं, जणू म्हाताऱ्या माणसाला एवढं कळू नये.

“तेव्हा मी चिडलेलो नसतो.”

...

सांडलेलं पाणी जमिनीवरून ओघळत निलोफरच्या पायाशी आलं. तिने पाय काढला नाही.

मग तिला परवाचा दिवस आठवला. बाप येणार. चार माणसं बसणार, नणंदही येणार. सासू पोराला मधे उभं करणार. आणि पोर, समजा म्हणालंच, तर कसं म्हणणार? हात कमरेवर ठेवून, बापाच्या नाकासमोर बोट नाचवत?

“आपा, याच्या बापासमोर हा असाच म्हणाला तर?”

“एक अक्षर चुकला नाही,” आपा म्हणाल्या. “वर्षभरात एवढं पक्कं माझ्याकडे कुणाचं झालं नव्हतं. छडी होती तरी. चांगलं शिकवलंस.”

निलोफरला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं. ती काहीतरी तोडीस तोड बोलणार होती, बोलायला ती कधी कमी पडली नव्हती. पण मशिदीतून असरची, तिसऱ्या प्रहराची अजान सुरू झाली, आणि अजान चालू असताना बोलू नये, हे या घरात म्हणजे आपांच्या घरात तरी पाळावं लागे.

अजान संपली. आपांनी खुंटीवरची जानमाज काढून तिच्या हातात दिली.

“ओटीवर पढ. वारा येतो.”

“आणि तुम्ही?”

“माझी नंतर. आमसुलं उघडी पडलीत.” त्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. “पोरं मी बघते. पाण्यात पडली, आगीत पडली तर उचलीन. बाकी एक शब्द बोलणार नाही. तुझी पोरं, तू जाण.”

निलोफरने न्हाणीत हातपाय-तोंड धुऊन वुजू केला. ओढणी सारखी केली, पांढरी, इस्त्रीची, हूदच्या दातांची नक्षी तेवढी टोकाला. ओटीवर उभी राहिली. नियत केली. हात बांधले.

अंगणात पोरांना वास लागला.

पहिल्यांदा सुमय्या. ती आगळाच्या पातेल्यापाशी गेली आणि तिने एक बोट बुडवलं. मग हात. मग हूदला बोलावून त्याचाही हात. आपा शेजारी बसून आमसुलं उलटत होत्या, बघत होत्या, आणि खरंच एक शब्द बोलल्या नाहीत. निलोफरला डोळ्याच्या कोपऱ्यातून सगळं दिसत होतं. त्या कोपऱ्याला आता वर्षभराची तालीम होती. कोकमाचा डाग मेल्यावरही जात नाही. त्या पोरांच्या अंगावर ईदला घेतलेले कपडे होते, आपांकडे न्यायचं म्हणून घातलेले.

रुकूत वाकताना तिच्या घशाशी आलं आणि निसटलं, रोजच्यासारखंच.

“अल्लाहु अकबर!”

चटईपाशी उभ्या मुसबची पाठ ताठ झाली. त्याने वळून पाहिलं. पाठीमागे हात घेतले, फटका बसतो त्या जागेवर. सुमय्याने बोटं चटकन फ्रॉकला पुसली. हूद तेवढा हसला, त्याला अजून समज नव्हती.

आपांनी एक साल उचललं आणि झटकलं.

निलोफर वाकली होती, तिला जमिनीशिवाय काही दिसत नव्हतं. पण ती पाठ तिने पाहिली होती. पाठीमागे गेलेले ते दोन हात पाहिले होते. वर्षभर रोज तो असाच उभा राहत असणार, आणि तिने बघितलं नव्हतं. का, तर ती नमाजात होती.

पुढची तकबीर, म्हणजे पुन्हा ‘अल्लाहु अकबर’, आली तेव्हा तिने दात आवळले आणि आवाज आत ओढला. सोपं नव्हतं. कढई उतू जात असावी आणि झाकण हाताने दाबून धरावं, तसं. सज्दात गेली तेव्हा पातेलं कलंडल्याचा आवाज आला. कशाचं, किती, काही कळेना. ती उठली. हात बांधले. ओठ हलत होते, आवाज मात्र स्वतःच्याच कानापुरता.

अंगण गप्प झालं.

पोरांना हे चमत्कारिक वाटलं असणार. अम्मी उभी आहे, ओठ हलताहेत, आणि ऐकू काही येत नाही. सुमय्या पायरीवर येऊन बसली. हूद रांगत ओटीवर आला आणि निलोफर सज्दात गेली तेव्हा त्याने दोन्ही लाल पंजे तिच्या पांढऱ्या ओढणीवर उमटवले, पाठीच्या मधोमध. ओलसर, गार, चिकट. तिला ते पंजे पाठीवर कळले. इस्त्रीची ओढणी. ती शांत राहिली नाही, उगाच खोटं कशाला सांगा, आतून पेटली होती. पण आवाज बाहेर आला नाही.

मग मुसब आला.

आधी खांबापाशी थांबला. मग जानमाजीच्या कडेला. मग अगदी जवळ. मान वाकडी करून तो आईच्या तोंडाकडे बघत राहिला. भुवई बघितली, ती जागच्या जागी होती. त्याने टाचा उंचावल्या आणि कान तिच्या कोपराशी आणला. ऐकू येईना तसा अजून चिकटला. एवढा जवळ तो कित्येक महिन्यांत आला नव्हता. त्याच्या केसांना जांभळीचा आणि घामाचा वास येत होता.

निलोफरचे शब्द डळमळले. तिने सावरले. पुढे गेली.

आणि कोपरापाशी, तिच्या मागोमाग, अर्धा शब्द मागे राहून, कुणीतरी अल्हम्द पुटपुटायला लागलं. बोट नाही, कमरेवर हात नाही. चुकतमाकत. बकरीपुढे ठणठणीत म्हणणारं पोर इथं मधेच अडखळलं, एक शब्द खाल्ला, परत घेतला.

मग बकरी पुन्हा आली आणि तो सगळं सोडून तिच्यामागे पळाला.

निलोफरने सलाम फेरला. उजवीकडे सुमय्या, फ्रॉक लाल. डावीकडे हूद, तोंड लाल. पाठीवर काय होतं ते तिला बघायची गरज नव्हती. ती हुंदका देणार होती की ओरडणार होती, तिचं तिलाच कळलं नाही. दोन्ही केलं नाही. जानमाज घडी केली आणि पायरी उतरून आपांच्या समोर उकिडवी बसली.

पातेल्यातलं निम्मं आगळ जमिनीत मुरलं होतं.

“आपा, तुम्ही ऐकलंत? तो म्हणाला. माझ्याशेजारी उभा राहून, हळू. तुम्ही ऐकलंत ना?”

आपा आमसुलं उलटत राहिल्या.

“चिपळूणला नाही ना जाणार आता? परवा बापासमोर असंच म्हणेल ना हा? सांगा ना, आपा... सुधारला ना?”

आपांनी शेवटचं साल उलटलं. हात पदराला पुसले. उन्हाकडे पाहिलं, सांजेच्या नमाजाला किती उरलंय ते.

“मगरिब व्हायची आहे अजून,” त्या म्हणाल्या.